सिंगापूर : व्हिवोसिटी मॉल, तिथून सेंटोसा आणि जीएसटीचा परतावा

टिपणवही
सिंगापूरच्या सहलींच्या धाग्यांवर व्हिवोसिटीचे प्रश्न सुटे सुटे येतात आणि उत्तरंही तशीच विखुरतात, म्हणून सगळं एका जागी आणायला हा धागा.

व्हिवोसिटी सिंगापूरच्या दक्षिण टोकाला, केपेल बंदराच्या काठावर आहे. समोर पाणी आणि पलीकडे सेंटोसा बेट. मॉल २००६ साली उघडला, रचना जपानी वास्तुकार तोयो इतो यांची. देशातल्या सर्वांत मोठ्या मॉलमध्ये त्याची गणना होते, पण आतले ब्रँड बहुतेक तेच, जे ऑर्चर्ड रोडला (शहराच्या खरेदीच्या मुख्य रस्त्याला) मिळतात. त्यामुळे निव्वळ खरेदीसाठी शहराच्या या टोकाला मुद्दाम जाऊ नये. जायचं ते जागेसाठी. खाली मेट्रो, वर सेंटोसाची मोनोरेल, बाहेर काठाने बेटावर चालत जायची वाट, शेजारी बाटमच्या (इंडोनेशियातल्या बेटाच्या) फेरीबोटी आणि केबल कार. इथे येणारा निम्मा माणूस कुठेतरी पुढे निघालेला असतो, आणि बरेचसे गोंधळ त्यातूनच होतात.

पहिला गोंधळ मजल्यांचा. तिथे तळमजला नसतो. रस्त्याच्या पातळीचा मजला म्हणजे लेव्हल १. लेव्हल ३ म्हणजे आपल्या हिशेबाने दुसरा मजला. त्याखाली बी१ आणि बी२. मेट्रोतून येणारा माणूस बी२ला निघतो आणि मोनोरेल लेव्हल ३ला आहे, म्हणजे चार मजले चढायचे. समोर दिसेल त्या पहिल्या सरकत्या जिन्याला लागू नका, आधी 'सेंटोसा एक्स्प्रेस'ची पाटी शोधा. मॉलच्या दारांना आणि लॉबींना इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. मोनोरेलसाठी लॉबी 'एल' लक्षात ठेवा. आतले रस्ते सरळ नाहीत, लाटेसारखे वळत जातात. दिसायला छान, पण दोन वळणांनंतर पाणी कुठल्या बाजूला होतं तेच कळत नाही. म्हणून भेटायची जागा ठरवताना दुकानाचं नाव सांगू नका, लॉबीचं अक्षर आणि मजला सांगा.

कोरडी_छत्री
उत्तम धागा. मेट्रोबद्दल भर घालते.

स्टेशनचं नाव हार्बरफ्रंट. ईशान्य मार्गिकेचं (जांभळी) हे शेवटचं स्टेशन, एनई१, आणि वर्तुळ मार्गिकेचंही (नारिंगी) स्टेशन, सीसी२९. मॉलसाठी एक्झिट 'ई'. विमानतळावरून येताना हिरव्या मार्गिकेने औटराम पार्कला उतरून जांभळी पकडा; तिथून हार्बरफ्रंट पुढचंच स्टेशन.

आपल्या लोकांसाठी सोयीचं म्हणजे लिटिल इंडिया (एनई७) आणि फॅरर पार्क (एनई८) याच जांभळ्या मार्गिकेवर आहेत. त्या भागात हॉटेल असेल तर एकदाही गाडी न बदलता थेट मॉलच्या तळघरात येता. उलट मॉलमध्ये शाकाहारी जेवण मनासारखं मिळालं नाही तरी पाऊण तासाच्या आत लिटिल इंडियात ताट समोर येतं.

भाडं देण्यासाठी वेगळं कार्ड घ्यायलाच हवं असं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं. मात्र तीन गोष्टी:

एक, माणशी एक कार्ड. एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत.
दोन, आत जाताना फोन टेकवला असेल तर बाहेर पडतानाही फोनच टेकवायचा. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी यंत्रणा दोन्ही वेगळी धरते आणि दोन अपुरे प्रवास दाखवून जास्त पैसे कापते.
तीन, परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट प्रशासकीय शुल्क लागतं. चार-पाच दिवस भरपूर फिरणार असाल तर स्थानिक प्रवासी कार्डाचा हिशेब करून बघा.

आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' ही दोन्ही बटणं चालू करा. एकच चालू केलं की कार्ड दुकानात चालतं आणि गेटवर अडतं, किंवा याच्या उलट.

उलटतपासणी
एक थेट प्रश्न. सेंटोसाला मोनोरेलचे माणशी ४ (सिंगापूर) डॉलर का द्यायचे, चालत फुकट जाता येत असेल तर?

टिपणवही
@उलटतपासणी, प्रश्न रास्त आहे. पर्याय तीन.

मोनोरेल (सेंटोसा एक्स्प्रेस) : ४ डॉलर जातानाच घेतात, व्हिवोसिटीच्या गेटवर. बेटावर कुठेही चढा-उतरा, पैसे नाहीत, परतीलाही नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. स्टेशनं चारच : व्हिवोसिटी, रिसॉर्ट्स वर्ल्ड, इम्बिया, बीच.

बोर्डवॉक : मॉलच्या पाण्याकडच्या बाजूने, लेव्हल १वरून सुरू होतो. अंतर सुमारे ७०० मीटर, वर छत, मध्ये मध्ये सरकते पट्टे. प्रवेश फुकट. ही वाट रिसॉर्ट्स वर्ल्डपाशी, म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओजच्या बाजूला सोडते.

१२३ क्रमांकाची बस : साध्या बसचं भाडं, बेटावर जाण्याचा वेगळा आकार नाही, आणि पार बीच स्टेशनपर्यंत जाते. पर्यटकांना ही फारशी माहीत नसते.

तेव्हा युनिव्हर्सल किंवा ओशनॅरियमला (जुनं एस.ई.ए. ॲक्वेरियम, २०२५ मध्ये मोठं करून नव्या नावाने उघडलं) जायचं असेल तर बोर्डवॉकच सरस. चौघांचे १६ डॉलर वाचतात आणि सुट्टीच्या दिवशी रांगेपेक्षा चालणं लवकर होतं. सिलोसो किंवा पालावान किनाऱ्यावर जायचं असेल तर मोनोरेल किंवा बस, कारण रिसॉर्ट्स वर्ल्डपासून किनारा लांब आहे.

लिंबूसरबत
थोडी असहमती. बोर्डवॉक कागदावर ७०० मीटर आहे, पण मॉलच्या मेट्रोच्या दारापासून बोर्डवॉकच्या तोंडापर्यंतचं चालणं त्यात धरलेलं नाही, आणि युनिव्हर्सलच्या गेटपर्यंतचं पुढचं चालणंही नाही. शिवाय छत वरून आहे, बाजू उघड्या. सिंगापूरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आला की छताचा उपयोग नाममात्र. सरकते पट्टे असले तरी दुपारी १२ ते ३ तिथली हवा दमट आणि जड असते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जाताना मोनोरेल घ्यावी आणि परतताना ऊन उतरल्यावर चालत यावं, हे मधलं गणित. परतीला मोनोरेल फुकट असली तरी रात्री तिची गंमत वेगळीच असते.

कोरडी_छत्री
+१. ती 'गंमत' जरा उलगडून सांगते, कारण नवखे इथेच अडकतात. संध्याकाळचा किनाऱ्यावरचा शो सुटला की सगळी गर्दी बीच स्टेशनवर एकदम येते. गाडी तिथेच भरते. मग इम्बिया आणि रिसॉर्ट्स वर्ल्डला उभ्या असलेल्या लोकांसमोर भरलेल्या गाड्या येतात आणि जातात. तुम्ही रिसॉर्ट्स वर्ल्डला असाल तर थांबू नका, सरळ बोर्डवॉक धरा. बीचला असाल तर शो संपायच्या पाच मिनिटं आधी उठा किंवा अर्धा तास तिथेच बसा. मधल्या वेळेत रांगेत शिरू नका.

जाताना नेमकं उलटं. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्यांत (जून, नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर) सकाळी १० ते १२ व्हिवोसिटीच्या स्टेशनवर रांग लांबते. मॉलची दुकानं १० वाजता उघडतात, पण मोनोरेल सकाळी ७ पासून असते. ९ वाजता पोहोचलात तर रांग नसते.

मुक्कामपोस्ट
लहान मूल आणि स्ट्रोलर (बाबागाडी) असेल तर मॉलमध्ये काय बघावं? आणि लेव्हल ३वर पाणी आहे म्हणतात ते काय?

टिपणवही
@मुक्कामपोस्ट, लेव्हल ३वर उघडी गच्ची आहे, स्काय पार्क. तिथे उथळ पाण्याचा मोठा हौद आहे, पाणी घोट्याच्या जरा वर येईल इतकं. मुलं त्यात चालतात, बसतात आणि पाच मिनिटांत नखशिखांत भिजतात. तेव्हा कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल बॅगेत हवाच. मोठ्यांनी काठावर बसून समोर सेंटोसा आणि बंदरातली जहाजं बघावीत. पैसे काही नाहीत.

वेळ महत्त्वाची. दुपारी लाद्या तापतात, अनवाणी मूल पाय टेकवत नाही. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपासच होतो, त्यामुळे साडेपाच ते सव्वासात ही वेळ कुठल्याही महिन्यात धरून चालता येते. विजेचा इशारा आला की पाण्यातून लगेच बाहेर. तिथे वीज पडण्याचं प्रमाण मोठं आहे आणि हा इशारा गमतीवारी नेत नाहीत. केबल कारही अशा वेळी थांबवतात.

पाऊस आलाच तर त्याच मजल्यावर सार्वजनिक वाचनालय आहे, 'लायब्ररी ॲट हार्बरफ्रंट', २०१९ साली सुरू झालेलं. आत जायला सदस्यत्व लागत नाही, फक्त पुस्तक घरी नेता येत नाही. मुलांचा विभाग मोठा आहे आणि खिडक्यांतून थेट बंदर दिसतं. मॉलमध्ये इतकी शांत, फुकट आणि गार जागा दुसरी नाही, तरी बहुतेक पर्यटक त्याच्या दारावरून निघून जातात.

स्ट्रोलरसाठी लिफ्ट आहेत, पण सुट्टीच्या दिवशी बी२वरूनच भरून येतात. लेव्हल १ किंवा २वर थांबून वर जाणारी लिफ्ट रिकामी मिळेल ही आशा सोडा. गर्दीत आधी खाली बी२ला जाणाऱ्या लिफ्टमध्ये चढायचं आणि तिच्यातूनच वर यायचं, हा स्थानिकांचा उपाय.

सव्वापाच
खाण्याचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. लेव्हल ३वर फूड रिपब्लिक नावाचं फूड कोर्ट आहे. शाकाहाऱ्यांनी चित्र बघून मागवू नये. भाज्या आणि टोफू दिसले तरी रस्सा बहुधा हाडांचा किंवा सुक्या माशांचा असतो, परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असतो आणि लाल मिरचीच्या सांबालमध्ये बेलाचान, म्हणजे सुकट कोळंबीचा गोळा. 'व्हेजिटेरियन' एवढंच विचारलं तर 'मीट नाही' इतकाच अर्थ घेतला जाण्याची शक्यता असते. 'नो मीट, नो फिश, नो ऑयस्टर सॉस, नो एग' असं एकेक सुटं करून विचारा. काया टोस्टमधला काया अंडं आणि नारळाच्या दुधाचा असतो, हेही लक्षात असू द्या.

दोन रिवाज. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ती कोणाची विसरलेली वस्तू नव्हे, ते टेबल धरलेलं आहे. तिथे बसू नका. तुम्हीही असंच धरू शकता, अर्थात रुमालाच्या पाकिटानेच, फोनने नाही!

दुसरं, खाऊन झाल्यावर ट्रे परत ठेवणं हा तिथे कायदा आहे. फूड कोर्टांत १ जानेवारी २०२२ पासून अंमलबजावणी होते. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर. रॅक दोन प्रकारचे असतात, हलाल आणि इतर. तुमच्या ट्रेच्या स्टॉलप्रमाणे योग्य रॅकवर ठेवा. मेट्रोत मात्र पाण्याचा घोटही घेऊ नका, खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. मॉलमधून निघताना हातात कॉफीचा कप असेल तर स्टेशनच्या गेटआधी संपवा.

लिंबूसरबत
पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. आणि सुपरमार्केटमध्ये (फेअरप्राइस एक्स्ट्रा इथे मोठं आहे) पिशवी घरून न्या. जुलै २०२३ पासून मोठ्या सुपरमार्केटांना दर पिशवीला किमान ५ सेंट घ्यावेच लागतात.

उलटतपासणी
जीएसटी परताव्याचं काय? टूरवाले म्हणतात ९ टक्के परत मिळतात.

टिपणवही
टूरवाले अर्धंच सांगतात. नीट लिहितो, कारण मॉलमध्ये केलेली चूक विमानतळावर दुरुस्त होत नाही.

जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. पण तो छापील किमतीच्या आत असतो. म्हणजे १०९ डॉलरच्या वस्तूत कर ९ डॉलर. १०० डॉलरच्या वस्तूत कर ९ नव्हे, ८ डॉलर २६ सेंट. त्यातून परतावा देणारी एजन्सी आपलं शुल्क कापते. हातात नऊ टक्क्यांपेक्षा बरंच कमी येतं, ते धरून चाला.

पात्रतेची किमान खरेदी १०० डॉलर, करासह. एका बिलात होत नसेल तर त्याच दुकानाची, त्याच दिवसाची, जास्तीत जास्त तीन बिलं एकत्र करता येतात. ४५, ३० आणि ३० डॉलरची तीन बिलं चालतील. २६ डॉलरची चार बिलं १०४ होतात, तरी चालणार नाहीत. दुकान योजनेत असलं पाहिजे. सगळी नसतात, म्हणून बिल करण्याआधी विचारा.

मूळ पासपोर्ट दुकानात दाखवावा लागतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि खरेदी मॉलमध्ये, ही सर्वांत नेहमीची चूक. व्यवहार त्या पासपोर्टाच्या नावावर नोंदला जातो, म्हणून नवऱ्याच्या नावावर ६० आणि बायकोच्या नावावर ५० अशी वाटणी केली की दोघांचंही जातं. एकाच्याच पासपोर्टावर घ्या, आणि ती व्यक्ती किमान १६ वर्षांची हवी.

विमानतळावर : वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकणार असाल तर बॅग देण्याआधी, प्रस्थान कक्षातल्या परताव्याच्या (ईटीआरएस) यंत्रावर अर्ज करा. यंत्र कधी लगेच मंजुरी देतं, कधी कस्टम्सला वस्तू दाखवायला सांगतं. बॅग पट्ट्यावर गेल्यानंतर हा निरोप आला तर दाखवायला काही उरत नाही. हातातल्या बॅगेत नेणार असाल तर इमिग्रेशननंतरच्या यंत्रावर करा. खरेदीपासून दोन महिन्यांत वस्तू देशाबाहेर गेली पाहिजे. वापरलेल्या किंवा खाल्लेल्या गोष्टींवर आणि हॉटेलच्या बिलावर परतावा नाही.

सव्वापाच
यात जॅम-सॉसवाल्यांसाठी एक पुरवणी. कायाची बरणी किंवा चिली क्रॅबचा सॉस १०० मिलिलिटरपेक्षा मोठा असेल तर हातातल्या बॅगेतून जाणार नाही. म्हणजे तो चेक-इनमध्ये, म्हणजे अर्ज बॅग देण्याआधी.

कोरडी_छत्री
आणि पैसे देताना मशीनवर 'रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये' असा प्रश्न आला तर डॉलर निवडा. रुपये निवडले की विनिमय दर तुमची बँक ठरवत नाही, मशीनमागची कंपनी ठरवते, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. कॅशियर कधी कधी न विचारता रुपयांचं बटण दाबतात. पावतीवर सही किंवा पिन देण्याआधी चलन बघून घ्या. चुकलं असेल तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं.

विजेची वस्तू घेणार असाल तर व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण पिन तीन चौकोनी पायांची असते आणि वॉरंटी बऱ्याचदा फक्त सिंगापूरपुरती. परताव्याच्या थोड्या टक्क्यांसाठी वॉरंटी सोडणं परवडतं का, ते आधी बघा.

मुक्कामपोस्ट
आमची टूर सिंगापूरहून बसने क्वालालंपूर आणि तिथून मुंबई अशी आहे. परतावा क्वालालंपूरला मिळेल का?

टिपणवही
नाही. परतावा चांगी किंवा सेलेटार विमानतळावरून बाहेर पडणाऱ्यांना, आणि ठरावीक धक्क्यांवरून क्रूझने जाणाऱ्यांना. जमिनीवरून मलेशियात गेलात की हक्क गेला, तुमचा पासपोर्ट दुकानात नोंदला गेला असला तरी. सिंगापूर-मलेशिया जोड टूरमध्ये बहुतेकांचं हेच होतं आणि मार्गदर्शक ते सांगत नाही. तुमच्या मार्गात मोठी खरेदी क्वालालंपूरलाच ठेवा.

उलटतपासणी
मग हार्बरफ्रंटहून फेरीबोटीने बाटमला जाणारे? धक्का तर मॉलच्या शेजारीच आहे आणि तीही बोटच.

टिपणवही
बाटमची फेरीबोट त्यात धरत नाहीत. क्रूझ वेगळी, फेरीबोट वेगळी, जरी दोन्ही याच भागातून सुटत असल्या तरी. बाटमला जाऊन परत सिंगापूरला येऊन चांगीवरून घरी जाणार असाल तर अडचण नाही, अर्ज चांगीलाच करा, वस्तू तेव्हा बरोबर हव्यात. आणि बाटमला जाताना सिंगापूरच्या व्हिसावर किती प्रवेश आहेत ते तपासा. परत येताना तो दुसरा प्रवेश मोजला जातो.

लिंबूसरबत
अवांतर : ज्यांना मॉलचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. हार्बरफ्रंट स्टेशनच्या एक्झिट 'डी'कडून मरांग ट्रेल सुरू होते, माउंट फेबरवर जाणारी. अंतर एक किलोमीटरही नाही, पण पायऱ्या खड्या आहेत. वरून पुढे साउदर्न रिजेसच्या वाटेने हेंडरसन वेव्हज हा लाकडी फळ्यांनी मढवलेला पूल गाठता येतो. रस्त्यापासून ३६ मीटर उंच, लांबी २७४ मीटर. खरेदीवाले मॉलमध्ये, चालणारे टेकडीवर, आणि संध्याकाळी सगळे स्काय पार्कला. पिशव्या घेऊन ही चढण करू नका. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी केबल कारने वर जावं. तिचं स्टेशन शेजारच्या हार्बरफ्रंट टॉवर २मध्ये आहे.

मुक्कामपोस्ट
धन्यवाद, वाखू (वाचनखूण) साठवली. म्हणजे आमच्यासाठी : सकाळी ९ला मोनोरेलने बीच, दुपारी ऊन टाळायला वाचनालय, साडेपाचला गच्ची, खरेदी जवळजवळ शून्य?

टिपणवही
जवळजवळ बरोबर. फक्त बीचवरून दुपारी परतताना मोनोरेलनेच या, त्या वेळी परतीला गर्दी नसते आणि ती थेट लेव्हल ३ला, वाचनालयाच्याच मजल्यावर सोडते. मूल झोपलेलं असेल तर एकही लिफ्ट लागत नाही.